गुरुवारचा नंबर

गुरुवारी सकाळी सात वाजता धुळ्यातल्या एका खासगी डायलिसिस केंद्राचं शटर बंद होतं. शटरवर कागद चिकटवलेला होता : 'पाण्याच्या यंत्रणेचे काम असल्याने गुरुवार व शुक्रवार केंद्र बंद राहील. गुरुवारच्या सर्व रुग्णांचे डायलिसिस बुधवारी करण्यात येईल.'

प्रेमराज पाटील यांनी तो कागद दोनदा वाचला. मागे गाडीत त्यांचे वडील लोटन आबा बसले होते. खिडकीची काच खाली होती आणि आबा तोंड उघडून श्वास घेत होते.

"काय व्हयनं?" आबांनी विचारलं.

"काही नाही, आबा. फोन लावतो."

प्रेमराज एकोणीस वर्षं मस्कतला होते. एका कंपनीत वातानुकूलन यंत्रणेच्या देखभालीचे प्रमुख. फेब्रुवारीत नोकरी सोडून पत्नी मेघासह कायमचे परत आले. का आलात, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ते एकच उत्तर देत : आबांसाठी. आबांची दोन्ही मूत्रपिंडं चार वर्षांपूर्वी निकामी झाली. तेव्हापासून धाकटा भाऊ नवल त्यांना साक्रीकडच्या गावाहून आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, धुळ्याला आणत होता. मार्चमध्ये प्रेमराज यांनी आबांना देवपुरातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. केंद्र तिथून जवळ होतं.  आबांच्या औषधांची पिशवी तेवढी नवलने स्वतः गाडीत ठेवली आणि पिशवीचे बंद पुन्हा सोडून बांधले.

केंद्रातला तंत्रज्ञ भाईदास याने फोन लगेच उचलला.

"साहेब, काल आबांची वाट पाहिली आम्ही. यंत्र रिकामं ठेवलं होतं संध्याकाळपर्यंत."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"असं कसं? नवलभाऊंना मी मंगळवारी सांगितलं. आमच्याकडे नंबर त्यांचाच आहे." भाईदास थांबला. "आबा कसे आहेत? सोमवारी त्यांचं अर्धंच झालंय, माहिती आहे ना तुम्हाला?"

प्रेमराज यांना माहिती होतं. सोमवारी मध्येच आबांचा रक्तदाब घसरला आणि यंत्र बंद करावं लागलं होतं. पुढचा नंबर कुठल्याही कारणाने चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बुधवारी रात्रीपासून आबांना आडवं झोपता येत नव्हतं. पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहत होता.

प्रेमराज यांनी नवलला फोन लावला. नवल मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला पिंपळनेरला गेला होता. चार वर्षांत तो पहिल्यांदाच दोन रात्री घराबाहेर राहिला होता.

"हां भाऊ, बोल."

"नवल, सेंटर बंद आहे. तू तर म्हणालास, सकाळी घेऊन जा."

"कव्हय सांगं मी आसं?"

"मंगळवारी. एसटीतून फोन केलास तेव्हा. म्हणालास, गुरुवारना दुपारना नंबर नही शे, आबाले सकाय लई जाय."

"हां. मंग काल लई गया व्हता ना तू?"

"काल कशाला? आज आणलं. सकाळी."

पलीकडे कुणीतरी चहाला बोलवत होतं. 

"भाऊ," नवल म्हणाला, "सकाय म्हणजे उद्या."

हे वाक्य त्याने अहिराणीत नाही, शाळेतल्या मराठीत सांगितलं. बाहेरगावच्या माणसाला रस्ता सांगावा तसं.

मंगळवारी ते शब्द ऐकताना प्रेमराज यांना किंचित शंका आली होती. पण एसटीचा आवाज मोठा होता आणि फोन तुटला. 'दुपारचा नंबर नाही' याच्या पाठोपाठ 'सकाय' आलं, म्हणजे दुपारऐवजी सकाळ, असा अर्थ सरळ लागत होता. पाचवीपासून ते मामांकडे जळगावला शिकले, मग नाशिकला, मग मस्कत. घरात मेघाची बोली चाले. तरी त्यांनी मेघाला विचारलं होतं, "सकाय म्हणजे सकाळी ना गं?" मेघा रावेरची. जळगाव जिल्ह्याच्या त्या टोकाला ळ चा य होतो आणि सकाय म्हणजे सकाळच.

"दुसरं काय असणार?" ती म्हणाली होती.

नवलने बुधवारी संध्याकाळी मोबाइलवर विचारलंही होतं : आबा बरा शे ना? प्रेमराज यांनी लिहिलं : हो, जेवून झोपले. डायलिसिसहून आलं की आबा नेहमी जेवून झोपत. नवलला उत्तर बरोबर वाटलं.

आता मेघा गाडीतून उतरून त्यांच्याजवळ आली. "काय म्हणतात भावजी?"

"नंबर काल होता."

तिने आबांकडे पाहिलं. मग पुढचं दार उघडून बसली. "चला. दुसरीकडे चला."

दुसऱ्या रुग्णालयात तातडीच्या विभागात आबांना लगेच आत घेतलं. छातीला तारा लावल्या, हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासायला दिलं. डॉक्टर तरुण होत्या. आलेखाचा कागद त्यांनी उजेडाकडे धरला, तेव्हाच प्रेमराज यांना कळलं की काहीतरी बिनसलं आहे.

"पोटॅशियम खूप वाढलंय. हृदयावर परिणाम दिसतोय. इंजेक्शन देते, त्याने थोडा वेळ मिळेल. पण इलाज डायलिसिसच. आणि आज."

"मग करा ना, मॅडम."

"तुमच्या वडिलांना सी प्रकारच्या काविळीचा संसर्ग आहे. त्यांना वेगळं यंत्र लागतं. आमच्याकडे तसं एकच आहे आणि बंद केंद्राचा एक रुग्ण आत्ताच त्यावर लावलाय. त्याचंही तुमच्यासारखंच, काल आला नाही. चार तास तरी ते सुटणार नाही."

"चार तास थांबलो तर?"

 डॉक्टर एकेका रुग्णालयाला फोन लावू लागल्या. तिसऱ्या फोनला जळगावच्या एका रुग्णालयातून होकार आला. तसं यंत्र तिथे मोकळं होतं. दुपारी बारापर्यंत ठेवू, म्हणाले; साडेबाराला चाळीसगावहून एक रुग्ण येणार आहे.

"रुग्णवाहिकेतूनच न्या," डॉक्टर म्हणाल्या. "आणि वाटेत पाणी देऊ नका. मागतील. देऊ नका."

दहा वाजायच्या आत गाडी पारोळा रस्त्याला लागली. आबा अर्धवट बसलेले, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. शेजारी प्रेमराज आणि एक परिचारक. मेघा पुढे, चालक धनसिंग याच्या बाजूला. बाहेर एप्रिलचं ऊन चढलं होतं. आतला पंखा गरमच वारा फेकत होता.

आबा धुळे आगाराला एसटीचे चालक होते. निवृत्तीआधीची अकरा वर्षं त्यांनी याच रस्त्यावर जळगावच्या फेऱ्या केल्या. फागण्याच्या पुढे त्यांनी मास्क बाजूला केला.

"कोन चलाडी राह्यना?"

"धनसिंग नाव शे त्याना," प्रेमराज म्हणाले. वाक्य त्यांनी आधी मनात जुळवून घेतलं होतं.

"त्याले सांग, एवढा ब्रेक मारू नको. पेशंट शे, मी काय कांदाना पोता नही शे."

पुढून धनसिंग हसला. "आयकाले येस माले, आबा!"

"आयकाले येस तं मंग कर ना तसं."

"आबा, मास्क लावा."

"मस्कतथून उना, नि माले मास्क लावस," आबा म्हणाले. परिचारकाला हसू आलं. मेघाने मागे वळून पाहिलं नाही. आबांचा आवाज शेवटच्या शब्दाला खाली गेला होता आणि ओठांचा रंग बदलला होता. परिचारकाने मास्क परत बसवला आणि त्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्राकडे पाहत राहिला.

पारोळ्यात पाण्याची मागणी सुरू झाली. प्रेमराज यांनी रुमाल ओला करून ओठांना लावला. आबांनी तो दातांनी धरला आणि चोखू लागले. प्रेमराज यांनी तो ओढून घेतला. बापलेकांत काही क्षण रुमालाची ओढाताण झाली. सुटल्यावर आबांनी तोंड फिरवलं.

"नवल देतो का पाणी?" प्रेमराज यांनी विचारलं.

आबांनी मान हलवली. नाही.

"मग?"

"तो बरफ देस. एक खडा." मास्कमधून शब्द नीट येत नव्हते. "तुले कोन सांगी?"

खरंच प्रेमराज यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. आबांचं दिवसाचं पाणी ते बाटलीवर रेघा मारून मोजत आणि रात्री बाटली रिकामी झाली की कपाटात ठेवत. 

एरंडोल मागे पडल्यावर नवलचा फोन आला. तो मेव्हण्याची मोटारसायकल घेऊन जळगावला निघाला होता, साक्री ओलांडली होती, रस्त्याच्या कडेला थांबून बोलत होता.

"आबाले दे."

प्रेमराज यांनी फोन आबांच्या कानाला लावला. नवल काय म्हणाला ते बाहेर ऐकू आलं नाही. आबांनी दोनदा हुंकार दिला.

"हेल्मेट घाल," शेवटी ते म्हणाले. मग फोन दूर सारला.

बांभोरीच्या अलीकडे गाडी थांबली. गिरणेच्या पुलावर विटांच्या ट्रॅक्टरचं चाक निखळलं होतं, ट्रॉली आडवी होऊन विटा रस्त्यावर आल्या होत्या. पुढे ट्रक, एसटी, कॉलेजच्या पोरांच्या मोटारसायकली. भोंगा वाजत होता आणि कुणाला सरकायला जागाच नव्हती. साडेअकरा झाले होते. पूल ओलांडला की जळगाव.

धनसिंग खाली उतरला. समोरच्या ट्रकवाल्याला गाडी डावीकडे दाबायला सांगू लागला. ट्रकवाला म्हणाला, डावीकडे कठडा आहे, नदीत घालू का? प्रेमराज खाली उतरले आणि हात वर करून ओरडू लागले. मस्कतला कामावर ते असे ओरडले की माणसं थांबत. इथे दोघांनी वळून पाहिलं आणि पुन्हा विटांकडे बघत उभे राहिले.

"तुमचं पेशंट आहे का?" एकाने विचारलं.

"माझे वडील आहेत."

"मग असं इंग्रजी सिनेमासारखं काय हात करता? विटा उचला ना."

प्रेमराज विटा उचलायला लागले. मेघाही आली. ते पाहून कॉलेजची आठ-दहा मुलं मोटारसायकली लावून आली, मग एसटीचा वाहक, मग तो ट्रकवालाही. एका बाजूची पट्टी मोकळी व्हायला वीस-बावीस मिनिटं लागली. धनसिंगने उरलेल्या विटांवरूनच गाडी घातली. आत आबांच्या तोंडून एक आवाज निघाला. परिचारक म्हणाला, "दाबा, दाबा, आता थांबू नका."

मेघाने रुग्णालयाला फोन लावून धरला होता. "पूल ओलांडला. आलोच. ठेवा यंत्र. अहो, पूल ओलांडला म्हणते ना मी." पलीकडची बाई म्हणाली, चाळीसगावचा पेशंट खाली येऊन बसलाय. मेघा म्हणाली, "बसू द्या त्याला पाच मिनिटं. माझे सासरे बसूही शकत नाहीत."

बारा वाजून गेल्यावर स्ट्रेचर दारातून आत गेलं. चाळीसगावचा रुग्ण बाकावर बसलेला होता, पन्नाशीची बाई, सोबत नवरा. तिने स्ट्रेचरकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "जाऊ द्या त्यांना." प्रेमराज यांना तिच्याशी बोलायला वेळ मिळाला नाही. नंतर शोधली तेव्हा ती तिथे नव्हती.

आत डॉक्टरांनी जुने कागद पाहिले, नवा आलेख पाहिला.

"सोमवारी अर्धं झालं, ठीक. तरी हे इतकं कसं वाढलं? खाण्यात काय होतं? नारळपाणी, टोमॅटो, केळी?"

"नाही," प्रेमराज म्हणाले. "पथ्य कडक आहे. मी स्वतः बघतो."

आबांनी पांघरुणाखालून उजवा हात बाहेर काढला आणि दोन बोटं वर केली.

"दोन काय, आबा?"

मेघाच्या लक्षात आलं. मंगळवारी तिच्या भावाने रावेरहून केळ्यांची फणी पाठवली होती. ती स्वयंपाकघरात, ओट्यावर होती. "केळी," ती म्हणाली. "कधी खाल्लीत, आबा?"

आबांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी परिचारिकेला सुया आणायला सांगितल्या आणि दोघांना बाहेर जायला सांगितलं.

एक वाजता यंत्र सुरू झालं. नवल अडीचच्या सुमाराला पोचला. सहा फूट उंच, चेहरा धुळीने भुरकट, हातात हेल्मेट. तो आधी आतल्या दाराच्या काचेशी गेला, बराच वेळ बघत राहिला. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"डावा हातलेच लावेल शे ना सुया?"

"हो," प्रेमराज म्हणाले.

"वरला भागमा लावा म्हनं का? खालनी नस दुखस त्यासनी."

"त्यांना कळत असेल ना."

"कळस. सांगनं पडस तरी." नवलने हेल्मेट पायांत ठेवलं. "चार वरीस मी आनं. एक नंबर चुकना नही. पूर उना तव्हय ट्रॅक्टरवर आनं."

"तुला एकदा पुन्हा फोन करता आला असता, नवल."

"विचारं ना मी. काल सांजले विचारं. तू काय लिखं? जेवून झोपले." शेवटचे दोन शब्द त्याने प्रेमराजच्या आवाजात म्हटले.

मेघा म्हणाली, "भावजी, त्यांनी मला विचारलं होतं. सकाळी म्हणून मीच सांगितलं."

"वहिनी, तुम्ही रावेरन्या. तुम्हले काय बोलू मी? हाऊ तं आमना घरना शे." त्याने भावाकडे पाहिलं. "लहानपनी शाळाले बुट्टी मारानी राहे तं मायले काय सांगे तू? सकाय जासू, सकाय जासू. याद शे का?"

प्रेमराज यांना आठवत नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं.

"तू मजाक उडवतोस, पण मी नोकरी सोडून आलो. घर बंद करून आलो. कशाला आलो मी?"

"तेच मी विचारी राह्यनू, भाऊ."

 मेघाने चहा आणला. दोघांनी तो घेतला. नवलच्या कपातला चहा तसाच राहिला.

साडेतीनच्या सुमाराला आत गडबड झाली. दोन परिचारिका धावत गेल्या. काचेवरचा पडदा कुणीतरी ओढला. थोड्या वेळाने आबांना यंत्रापासून काढून अतिदक्षता विभागात नेलं. डोळे मिटलेले होते. खाट दारातून जाताना नवलने आबांच्या पायांना हात लावला, प्रेमराज बाजूने चालत राहिले, आणि दोघांनाही आतल्या दाराशी थांबवलं.

डॉक्टर बाहेर आले. "रक्तदाब पुन्हा पडला. यंत्र थांबवावं लागलं. पोटॅशियम थोडं उतरलंय, पुरेसं नाही. ठोके अजून अनियमित आहेत. आम्ही औषध देऊन दाब वर आणायचा प्रयत्न करतोय. मधल्या काळात श्वास कमी पडला तर कृत्रिम श्वासाची नळी घालावी लागेल. त्यासाठी घरच्यांची संमती हवी. निर्णय कोण घेणार?"

त्यांनी प्रेमराजकडे पाहिलं. वयाने मोठे ते, इस्त्रीचा शर्ट त्यांचा, आणि आबांसोबत आत आले होते तेही तेच.

"याला विचारा," प्रेमराज म्हणाले.

नवलने मान वर केली. "माले?"

"तुला माहिती आहे ते काय म्हणाले असते. मला नाही."

नवल डॉक्टरांकडे वळला.  "आबांनी कधी नको म्हटलेलं नाही," तो मराठीत म्हणाला. "सुईला पण नाही. घाला नळी, लागली तर."

"दोघांचं एकमत आहे ना?"

"हो," प्रेमराज म्हणाले.

डॉक्टर आत गेले. नवलने गावाकडे आणि पिंपळनेरला बायकोला, रत्नाला, फोन केले. मेघाने रावेरला भावाला कळवलं, केळ्यांविषयी सांगितलं नाही. प्रेमराज कुणालाच फोन करत नव्हते.

पावणेपाचला डॉक्टर पुन्हा बाहेर आले. नळी अजून घालावी लागलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. वरचा रक्तदाब शंभरावर जाऊन तिथे टिकला तर रात्रीआधी यंत्र पुन्हा लावू, म्हणाले. टिकला नाही तर काय, हे नवलने विचारलं. तेव्हा बघू, असं उत्तर मिळालं.

त्या वेळी वरचा रक्तदाब अठ्ठ्याऐंशी होता.